कोळसा, नक्त नऊशे ग्रॅम

मला पश्चात्ताप झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या इमारतीत अजूनही दोनतीन मंडळी अशी आहेत, की जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे बघत उतरतात. मी एकदा सगळ्यांची माफी मागून मोकळं व्हावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मागणार नाही. मी काय केलं, तर रविवारी दुपारी गच्चीवर कोंबडीच्या तंगड्या भाजल्या. पुढचं सगळं इतरांनी केलं.

मेहुण्याची बदली झाली. नव्या घराला गच्ची नव्हती, म्हणून त्यानं आपलं ग्रिल आमच्या दारात आणून ठेवलं. तीन पायांचं, घुमटासारखं झाकण असलेलं ते काळं लोखंडी प्रकरण. बायकोनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याला कोळसा किती लागतो?"

इथं माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी वजनमाप कार्यालयात हेडक्लार्क आहे. शहरातल्या यच्चयावत तराजूंचे कागद गेली एकवीस वर्षं माझ्या टेबलावरून जातात. अशा माणसाला घरात कुणी 'किती' म्हणून विचारावं आणि त्यानं 'बघू' म्हणावं, हे शोभत नाही. मी म्हणालो, "एक किलो."

"कशावरून?"

"अनुभवावरून."

माझा अनुभव म्हणजे मेहुण्याकडे मी दोनदा जेवलो होतो, आणि दोन्ही वेळा ग्रिलकडे पाठ करून बसलो होतो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक कोळसेवाली मावशी आहे. तिच्याकडून मोजून एक किलो लोणारी कोळसा आणला आणि रविवारी अकरा वाजता गच्चीवर ग्रिल मांडलं. कोळसा पेटायला पाऊण तास लागला. पेटल्यावर मी तंगड्या मांडल्या आणि पुठ्ठ्यानं वारा घालू लागलो. वीस मिनिटांत तंगड्या बाहेरून माझ्या बुटांसारख्या झाल्या, आणि बरोबर तेव्हाच कोळशानं डोळे मिटले. बायकोनं एका तंगडीत सुरी घातली, आत बघितलं आणि ताट झाकलं. आम्ही त्या दिवशी पाव आणि उकडलेले बटाटे जेवलो. बटाटे तिनं आधीच खाली गॅसवर लावून ठेवले होते. हे 'आधीच' मला तंगड्यांपेक्षा जास्त लागलं.

धूर बघून कर्नल वर आले होते. कर्नल तळमजल्यावर राहतात. ते सैन्यात होते असं कुणीच म्हणत नाही, ते स्वतःसुद्धा नाही. पण मिशा आणि चालणं बघून कुणीतरी नाव ठेवलं आणि त्यांनी ते वागवलं. त्यांनी विझलेल्या कोळशाकडे बघून मान हलवली.

"किती घातला होतात?"

"एक किलो."

"एक किलोत सिगरेट पेटते. पाच घाला. कोळशाला हात आखडला की कोंबडी सूड घेते."

"तुम्ही घरी पाच घालता?"

"मी?" कर्नल किंचित हसले. "माझं सोडा. मी आता साडेतीनात भागवतो. पण त्याला हात बसावा लागतो."

पुढच्या रविवारी मी पाच घातला. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच घडलं. ज्वाळा माझ्या छातीपर्यंत आल्या. तंगड्यांची चरबी खाली ठिबकली, तशा त्या खांद्यापर्यंत गेल्या. मी चिमटा टाकून मागे सरलो आणि कर्नल माझ्याही मागे सरले. धुराचा एक जाड, काळा लोट सरळ पूर्वेकडे निघाला. पूर्वेच्या तारेवर आमच्या सोसायटीच्या सचिवांचे सात पांढरे शर्ट वाळत होते. सचिव आठवड्याचे सात शर्ट एकदम धुतात. दोन दिवशी धुतले असते तर तीनच गेले असते, असं मी नंतर त्यांना समजावून सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही.

सोमवारी सकाळी सूचना फलकावर टाइप केलेला कागद लागला. 'कोणी एक सभासद' गच्चीवर ज्वालाग्राही पदार्थाचा अनिर्बंध वापर करत असल्यानं पुढील आदेशापर्यंत गच्ची सर्वांसाठी बंद. संबंधितानं आपण दर वेळी, दरमहा व दरवर्षी किती कोळसा वापरतो व तो कुठे साठवतो हे लेखी द्यावं, आणि अग्निशमन कार्यालयाचा ना हरकत दाखला जोडावा. खाली सही, आणि गच्चीच्या दाराला मुठीएवढं कुलूप.

'कोणी एक सभासद' असं लिहून नाव गाळण्यात केवढी दुष्टाई असते, हे ज्याचं नाव गाळलं जातं त्यालाच कळतं. दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीला ते माहीत होतं. कपडे वाळत घालणाऱ्या बायका माझ्या बायकोशी जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. बायको म्हणाली, "सात शर्ट घेऊन द्या, माफी मागा आणि ते धूड भंगारात द्या." खरं सांगतो, मंगळवारी संध्याकाळपर्यंत मीही त्याच मताला आलो होतो.

बुधवारी सकाळी कामावर निघालो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई बोळात भेटल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास सपाट जागेवर चालायला सांगितलं होतं. रस्त्यावर खड्डे, म्हणून त्या गच्चीत चालत. आता भिंतीला हात लावून त्या बोळात चालत होत्या. आमचा बोळ अकरा पावलांचा आहे. अकरा पावलं झाली की वळायचं, आणि वळताना गुडघा दुखतो. त्या वळताना मला ते दिसलं.

"बाई, माझ्यामुळं तुम्हाला…"

"तुमच्यामुळं नाही," त्या न थांबता म्हणाल्या. "कुलूप तुम्ही लावलेलं नाही. त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारलाय. उत्तर येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग माफी काय मागता, उत्तर काढा." त्या वळल्या. "आणि मी तुमच्या बाजूनं नाही. मी गच्चीच्या बाजूनं आहे."

मी त्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून अग्निशमन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं मला चार पानांचा अर्ज दिला. सातव्या रकान्यात लिहिलं होतं, 'इंधनाचा वार्षिक वापर'.

"इथं काय लिहू?"

"काहीही लिहा. कोण बघतंय?"

एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनाला असं सांगणं मला सहन झालं नाही. रकाना 'काहीही' लिहिण्यासाठी असता, तर छापला कशाला असता? मी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि ठरवलं, की खरा आकडा काढल्याशिवाय तो भरायचा नाही.

पण अडचण लक्षात घ्या. आकडा काढायचा तर भाजायला हवं. भाजायला परवानगी हवी. परवानगीला आकडा हवा. म्हणून मी आधी इतरांना विचारून बघायचं ठरवलं. आमच्या कार्यालयात घरी ग्रिल बाळगणारे तिघं निघाले. एक म्हणाला, "चार मूठ." दुसरा म्हणाला, "पोत्याला हात लावायचा, मन सांगतं." तिसरा म्हणाला, "मला कोळसा लागतच नाही म्हणा ना." हे तिघंही वजनमाप कार्यालयाचे पगारी नोकर. गळ टाकणारा माणूस माशाची लांबी वाढवून सांगतो, आणि ग्रिलवाला कोळसा कमी करून सांगतो. दोघांनाही मोजायला मात्र नको असतं.

शेवटी मी कोळसेवालीकडे गेलो. पोत्यांच्या ढिगामागं तिचं छोटं अंगण होतं.

"मावशी, आमच्या इमारतीतले ते मिशावाले गृहस्थ तुमच्याकडून किती नेतात हो?"

"कोण, ते ताठ चालणारे? ते नुसते बघून जातात. एकदा एक तुकडा उचलला, वास घेतला आणि ठेवला."

म्हणजे साडेतीन किलोत भागवणाऱ्या कर्नलांनी आयुष्यात एक काडी पेटवली नव्हती. मला राग यायला हवा होता. पण माझी नजर मावशीच्या तराजूकडे गेली होती आणि तिथंच अडकली होती. एकवीस वर्षांत नजर तयार होते. एक किलोच्या वजनाच्या कडा इतक्या झिजल्या होत्या, की ते गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. शिक्क्याचा पत्ताच नव्हता.

"मावशी, हे वजन शेवटचं कधी तपासलं?"

"तपासलं म्हणजे?"

मी ते कागदात गुंडाळून कार्यालयात नेलं. प्रमाणित काट्यावर ते आठशे ऐंशी ग्रॅम भरलं. म्हणजे माझा तो पहिला एक किलो मुळात एक किलो नव्हताच. शिवाय धूळ उडू नये म्हणून मावशी कोळशावर पाणी शिंपडते, तेव्हा त्यातही काही पाणीच होतं. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पूर्ण किलो असता तर तंगड्या शिजल्या असत्या?" मी म्हणालो, "तो मुद्दा नाही." तोच मुद्दा होता, हे मला माहीत होतं.

नियमानं मी मावशीची तक्रार करायला हवी होती. मी आमच्या निरीक्षकांच्या मागं लागून तिचं वजन दुरुस्त करून, शिक्का मारून आणून दिलं. मावशीनं ते हातात तोलून बघितलं. "जड लागतंय," ती म्हणाली. "एवढी वर्षं लोकांना कमीच गेलं म्हणायचं. माझ्या सासऱ्यांचं वजन होतं ते. मला वाटायचं, तेच किलो." त्यानंतर ती म्हणाली, की जळलंच तर कोळशाच्या वखारीत कोळसाच जळेल, तेव्हा तुमचं ते धूड इथं आणा.

सलग पाच रविवार मी मावशीच्या अंगणात मोजमाप केलं. बायको पहिल्या रविवारी आली नाही. दुसऱ्या रविवारी मी उपाशी राहीन म्हणून डबा घेऊन आली. तिसऱ्या रविवारी माझ्या हातातून वही काढून घेऊन म्हणाली, "तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही. तुम्ही भाजा, मी लिहिते." वाळलेला कोळसा सव्वा किलो, बाराशे, अकराशे, असा वेगवेगळा घालून बघितला. डब्याला तळाशी भोकं पाडून त्यात कोळसा उभा रचला, तर तो पंधरा मिनिटांत पेटतो. पांढरी राख धरेपर्यंत तंगडीला हात लावायचा नाही. निखारे एका बाजूला, कोंबडी दुसऱ्या बाजूला. आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे झाकण. ते दिलेलं असतं, ते लावायचं असतं. मेहुण्यानं हे सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. काम झालं की झाकणाची झडप बंद करायची, म्हणजे उरलेले निखारे विझून पुढच्या वेळेला उपयोगी पडतात.

सहा माणसांना पुरेल एवढं जेवण, घातलेला कोळसा बाराशे ग्रॅम, विझवून परत मिळालेला तीनशे. नक्त वापर नऊशे ग्रॅम. पाचव्या रविवारी हा आकडा वहीत लिहून बायकोनं त्याखाली दोन रेघा ओढल्या. आम्ही तिघं मावशीच्या पोत्यांवर बसून जेवलो. तंगड्या आतपर्यंत शिजल्या होत्या.

मी अर्ज भरला. दर रविवारी नऊशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला सेहेचाळीस किलो आठशे ग्रॅम. वर्षात बावन्न रविवार भाजणार का, असं बायकोनं विचारलं. मी म्हणालो, आता भाजणार.

अग्निशमन कार्यालयातल्या कारकुनानं आकडा वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "हे बसणार नाही. आमच्या नोंदवहीत टनात लिहावं लागतं."

"मग शून्य पूर्णांक शून्य चार…"

"अपूर्णांक चालत नाही. पूर्ण टन."

"पण एक टन खोटं आहे."

"शून्य लिहिलं, तर तुम्ही कोळसा वापरतच नाही असं होईल. मग दाखला कशाचा मागता?"

त्यानं 'एक' लिहिला आणि ठप्पा मारला. मी खिडकीशी उभा राहून वीस मिनिटं वाद घातला. मग जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद झाली.

आठ दिवसांत सोसायटीला पत्र आलं. आपल्या इमारतीत वर्षाकाठी एक टन कोळसा जाळण्याचा अर्ज प्राप्त झाला असून त्यासाठी स्वतंत्र शेड, वाळूच्या बारा बादल्या, दोन बाहेर जाण्याचे मार्ग इत्यादी आहेत काय, याची शनिवारी सकाळी तपासणी होईल.

सचिवांनी तातडीची सभा बोलावली आणि पत्र उभं राहून वाचलं. 'एक टन' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. माझ्याकडे चाळीस डोळे वळले. कर्नल म्हणाले, "मी पाच किलो म्हटलं होतं. टन मी म्हटलं नव्हतं." मी वही उघडून नऊशे ग्रॅमचा हिशेब वाचू लागलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आता ग्रॅम सांगतायत." सगळे हसले. एकवीस वर्षांत 'ग्रॅम' या शब्दाला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. सचिव म्हणाले, की मी अर्ज मागे घ्यावा आणि ग्रिल शनिवारच्या आत इमारतीबाहेर न्यावं, म्हणजे प्रकरण मिटेल.

"गच्ची उघडाल?" मी विचारलं.

"ते नंतर बघू. गच्ची बंद असलेलीच बरी, असं माझं मत झालंय."

मागच्या रांगेत बाई काठीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी वही मिटली. "अर्ज मागे घेणार नाही," मी म्हणालो. "येऊ देत तपासणीला."

शनिवारी अग्निशमन कार्यालयाची जीप नादुरुस्त होती, म्हणून अधिकारी लाल बंबातून आले. त्यामुळं आमच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं खाली जमली. अधिकारी धिप्पाड, शांत आणि कंटाळलेले होते. सचिव त्यांच्या पुढं चालत, गेल्या दोन महिन्यांत आपण किती दक्षता घेतली हे सांगत जिना चढले. मी मागून ग्रिल घेऊन, माझ्यामागं बायको तंगड्यांचा डबा घेऊन, आणि तिच्यामागं एकेक पायरी चढत बाई. वर पोचल्यावर अधिकाऱ्यांनी कुलपाकडे बोट केलं.

"हे काय?"

"दक्षता," सचिव म्हणाले.

"खाली आग लागली तर वरची माणसं कुठं जाणार?"

सचिवांनी खिशातली किल्ली चाचपली.

"दोन महिने हे दार बंद आहे?" अधिकाऱ्यांचा कंटाळा गेला होता. "आधी उघडा. आणि हे कुलूप मला द्या. या दाराला पुन्हा कुलूप दिसलं, तर नोटीस तुमच्या नावानं येईल."

सचिवांनी किल्ली काढली. पहिल्यांदा ती उलटी लागली. दार उघडलं आणि सगळ्यांच्या आधी बाई आत गेल्या. कठड्याच्या कडेनं त्यांनी चालायला सुरुवात केली, अगदी सावकाश, आणि टोकापर्यंत वळावं लागलं नाही.

"आता तो एक टन दाखवा," अधिकारी मला म्हणाले.

मी बिस्किटांचा डबा उघडून दाखवला. आत बाराशे ग्रॅम होता. अधिकाऱ्यांनी डब्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढ्यात कोंबडी होत नाही. मी स्वतः घरी करतो. मला चार किलो लागतो."

"झाकण लावता?"

"झाकण लावलं तर आग कशी दिसणार?"

हे अग्निशमन अधिकारी बोलत होते. मी बाही सारली आणि भाजायला घेतलं. पंधरा मिनिटांत कोळसा पेटला. पांढरी राख धरली. मी तंगड्या बाजूला मांडल्या आणि झाकण लावलं. इतक्या लोकांसमोर झाकण लावून पस्तीस मिनिटं थांबणं सोपं नसतं. सचिव दोनदा म्हणाले, "विझला वाटतं." कर्नलांनी पुठ्ठा पुढं केला. बायकोनं तो त्यांच्या हातातून घेऊन त्यावर बसकण मारली. झाकण उघडलं, तेव्हा गर्दी आपोआप एक पाऊल पुढं आली. अधिकाऱ्यांनी एक तंगडी घेतली, हाडापर्यंत खाल्ली, हाड न्याहाळलं आणि म्हणाले, "झाकण, म्हणता?" त्यानंतर त्यांनी दुसरी घेतली.

मी उरलेले निखारे विझवून काट्यावर ठेवले. तीनशे ग्रॅम. अधिकाऱ्यांनी हात पुसून अहवाल लिहायला घेतला आणि सहीसाठी माझ्यापुढं केला. सातव्या रकान्यात एक टन खोडून त्यांनी लिहिलं होतं, 'नगण्य'.

मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"नगण्य नाही. नऊशे ग्रॅम."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय. नगण्य म्हटलं की शेड नको, बादल्या नकोत, विषय संपला. आकडा लिहिला, तर दर वर्षी कुणीतरी येऊन तपासणार."

"तपासू देत."

"त्यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो."

सचिव म्हणाले, हा माणूस असाच आहे. कर्नल म्हणाले, सही करून टाका, तंगड्या गार होतायत. मी बायकोकडे बघितलं. ती मला सही करा म्हणणार, असं मला वाटलं, आणि तिनं तसं म्हटलं असतं तर मी केलीही असती. तिनं पिशवीतून वही काढली, दोन रेघा ओढलेलं पान उघडलं आणि अधिकाऱ्यांसमोर धरलं.

"पाच रविवार मोजलंय," ती म्हणाली. "आजची सहावी वेळ."

चालता चालता बाई तिथं पोचल्या होत्या. "नगण्य म्हणजे जे मोजण्याच्या लायकीचं नाही ते," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "यांनी मोजलंय. खोडा ते."

शाळेत कधीतरी अशाच आवाजापुढं उभे राहिले असावेत, तसे अधिकारी सरळ झाले. त्यांनी 'नगण्य' खोडलं, समासात सही केली आणि नीट अक्षरात लिहिलं, 'दर वेळी नक्त नऊशे ग्रॅम.' मग मी सही केली. चिमटा धरून धरून बोटं काळी झाली होती, त्याचा ठसाही कागदावर उमटला. त्याबद्दलही माझी काही तक्रार नाही.

ते म्हणाले तसंच झालं. तेव्हापासून दर वर्षी तपासणी होते. यंदा आले ते साहेब नवीन होते. चार जिने चढून त्यांना धाप लागली होती. कागद बघून ते म्हणाले, "नऊशे ग्रॅमसाठी मला एवढं वर आणलंत?"

"बसा," मी म्हणालो, आणि काटा पुढं ओढला. "आधी वजन करू."